दोन पानं

बाईंनी सहा पानं आधी रंगाप्रमाणे लावली, मग मोडून आकड्यांप्रमाणे लावली. दोन पंज्या, दश्शी, गुलाम, अठ्ठी आणि दुर्री. अशी पानं महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि आली ती आज. त्यांनी चष्म्यावरून समोर पाहिलं. मिस्त्रींनी आपली पानं छातीशी धरली होती आणि खालचा ओठ चावत ते बाईंकडे बघत होते.

तळघरातल्या धुलाईच्या खोलीत एकच मशीन चालू होतं. त्यात बाईंची चादर फिरत होती. दुसऱ्या मशीनचं झाकण उघडं होतं. मिस्त्रींचे कपडे सकाळीच बांधून गाडीत गेले होते.

"बाबा, अजून किती?" त्यांच्या मुलीनं दारातून विचारलं.

"हा डाव संपला की निघायचं. गाडी तुझीच आहे ना? ती काय शिट्टी मारून सुटणार आहे?"

मुलगी हसली आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. वाईट नव्हती ती. आठ तासांचा रस्ता एकटीनं गाडी चालवत आली होती, आणि आता म्हाताऱ्या बापाला घेऊन तेवढाच परत जाणार होती.

बाई पहिल्यांदा या खोलीत पत्ते खेळल्या त्याला सहा वर्षं झाली. बहीण गेल्यावर तिचे कपडे कुणाला तरी द्यायचे होते, पण धुतल्याशिवाय कसे द्यायचे, म्हणून एका बुधवारी दुपारी त्या टोपली घेऊन खाली आल्या. मशीन सुरू करून समोरच्या बाकावर बसल्या आणि काचेआड फिरणाऱ्या स्वेटरकडे बघत राहिल्या. पलीकडे बसलेला गृहस्थ हातातला पत्त्यांचा कॅट पिसत होता. मग म्हणाला, "बघत बसल्यानं ते लवकर थांबत नाही. पत्ते खेळता येतात का?"

बाईंना गुलामचोर तेवढा येत होता. मिस्त्रींनी त्यांना क्रिबेज शिकवलं. ते जहाजावर इंजिन मिस्त्री होते, आणि दोनच माणसं, एक कॅट आणि भरपूर रिकामा वेळ असला की जहाजावर हाच खेळ चाले. प्रत्येकाला सहा पानं वाटायची. चार ठेवायची, दोन टाकायची. दोघांची टाकलेली मिळून चार पानं बाजूला पालथी राहतात आणि शेवटी ती ज्यानं पत्ते वाटले त्याची होतात. चित्राचं पान दहाचं धरून पानांची बेरीज पंधरा झाली, जोडी जुळली, ओळीनं आकडे लागले, की गुण. भोकं पाडलेल्या लाकडी पट्टीवर तेवढी घरं खुंटी पुढे सरकवायची. एकशे एकविसावं घर जो आधी गाठेल तो जिंकला.

"त्या बाजूच्या पानांना क्रिब म्हणतात. क्रिब म्हणजे पाळणा," मिस्त्रींनी सांगितलं होतं. "आपलं लेकरू दुसऱ्याच्या पाळण्यात टाकायचं आणि वर त्याचं बारसं बघायचं, असला खेळ आहे हा. म्हणून पंजी कधी दुसऱ्याच्या पाळण्यात टाकू नये. पंजीची पंधराशी सोयरीक लगेच जुळते."

बाईंनी ते पक्कं धरलं. एकतीस वर्षं त्यांनी गणवेशाच्या कारखान्यात कापड कापलं होतं. वीस-वीस थर एकावर एक, आणि कात्री एकदा चालली की चालली. त्यामुळे कुठली दोन टाकायची हे ठरवायला त्यांना एवढा वेळ लागे की मिस्त्री जांभया देत. "बाई, दोन पानं टाकायचीत. मुलीसाठी स्थळ नाही शोधायचं." पण सहा वर्षांत मिस्त्रींच्या पाळण्यात बाईंच्या हातून एकही पंजी गेली नव्हती.

बुधवार दुपार ठरून गेली. धुवायला काही नसलं की बाई घडी न मोडलेली चादर टोपलीत घालून खाली येत. मिस्त्रीही एकदा नुसती दोन फडकी घेऊन आले होते. एकदा मिस्त्री म्हणाले, "वर चहा ठेवतो. याल का?" बाई म्हणाल्या, "नको, माझं मशीन थांबेल आता." मशीनवर अठरा मिनिटं दिसत होती. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं आणि पानं पिसली.

आणि दोन महिन्यांपूर्वीचा तो बुधवार. मिस्त्री आले नाहीत. बाईंनी चादर धुतली, मग तीच परत धुतली. जिना चढून जावं असं वाटलं, पण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात की चौथ्या, हेच माहीत नव्हतं. दारं वाजवत फिरायचं आणि काय सांगायचं? दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन त्या आपल्या घरात शिरल्या आणि दार लावून घेतलं. मिस्त्री त्या वेळी चौथ्या मजल्यावर न्हाणीघरात फरशीवर पडलेले होते. संध्याकाळी पेपरवाला पैसे मागायला आला तेव्हा कुठे दार उघडलं गेलं. हे सगळं बाईंना नंतर कळलं. त्या वाट बघत होत्या, अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या होत्या, हे त्यांनी मिस्त्रींना अजून सांगितलेलं नव्हतं.

आज सांगायचं, असं ठरवून त्या खाली आल्या होत्या. पण समोर मुलगी उभी, आणि मिस्त्रींनी पट्टी मांडलेली.

बाईंची खुंटी एकशे चौदावर होती, मिस्त्रींची एकशे बारावर. पत्ते मिस्त्रींनी वाटले होते, म्हणजे पाळणा त्यांचा, आणि हातातल्या पानांचे गुण आधी मोजायचे ते बाईंनी. दोन पंज्या, दश्शी आणि गुलाम ठेवले तर सरळ दहा गुण. हवे होते सात. डाव तिथेच संपला असता. मिस्त्री म्हणाले असते, "शिकवलेलं वाया नाही गेलं." मग पट्टी पिशवीत, आणि पिशवी गाडीत.

"बाई," मिस्त्री हळूच म्हणाले. ते आज जांभई देत नव्हते. "सावकाश होऊ द्या."

त्यांचीही दोन पानं अजून हातातच होती, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. एरवी ते पानं उचलता उचलता टाकत.

बाईंनी दोन्ही पंज्या उपसल्या आणि टेबलावर पालथ्या ठेवल्या. हात मागे घेतल्यावर त्यांना हलकं हलकं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. मिस्त्रींनी एक पान टाकलं, परत उचललं, दुसरं टाकलं, मग पहिलंही टाकलं. चारही पानं एकावर एक सारखी करून त्यांनी ती बाजूला सरकवली.

बाईंनी कॅट कापला. मिस्त्रींनी दोघांच्याही मोजणीत धरायचं ते वरचं पान उलटं केलं, तर बदामचा राजा. मग एकाआड एक पानं खेळून झाली. दोघांनाही एकेक गुण मिळाला.

"मोजा," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी चार पानं पसरली. दश्शी, गुलाम, अठ्ठी, दुर्री. राजा धरला तरी कशाचा कशाला मेळ नव्हता.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्या पानांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आपली मांडली. दोन छक्क्या, राणी, एक्का.

"जोडीचे दोन. एवढंच." खुंटी एकशे पंधरावर गेली. दोघंही एकशे पंधरावर.

आता पाळणा उरला होता. मिस्त्रींनी चारही पानं एकदम उलटी केली.

तीन पंज्या आणि एक चव्वी.

बाईंची नजर चव्वीवर गेली, मग तिसऱ्या पंजीवर, मग मिस्त्रींच्या समोर पडलेल्या दोन छक्क्यांवर. चव्वी, पंजी आणि दोन छक्क्या एकत्र म्हणजे बारा गुण. मिस्त्रींना हवे होते नऊ. एवढं हातात असताना त्यांनी ते मधोमध तोडून टाकलं होतं. आणि आता दोघांनी टाकलेलं एकत्र येऊन पडलं होतं, वर राजा. चौदा गुण होत होते. सहा पुरेसे होते, आणि सहा तर नुसत्या तीन पंज्यांचेच होतात.

मशीननं पाणी सोडायला सुरुवात केली. मिस्त्रींच्या बोटात खुंटी होती. त्यांनी ती पानं पाहिली, बाईंची चार पानं पाहिली, आणि मग बराच वेळ पट्टीकडेच बघत राहिले.

"जोडीचे दोन," ते म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. गुण विसरला तर समोरच्यानं तो दाखवून द्यायचा, हा त्यांचाच नियम. सहा वर्षांत बाईंनी त्यांचे पुष्कळ विसरलेले गुण दाखवले होते, आणि त्यांनी बाईंचे.

"दोन," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी खुंटी दोन घरं सरकवली आणि रुमालानं चष्मा पुसायला घेतला.

"मावशी, झालं का?" मुलगी आत आली होती. तिनं बाईंनाच विचारलं. बापाकडून खरं उत्तर मिळणार नाही हे तिला ठाऊक असावं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची पानं गोळा केली, पंज्या सगळ्यात आधी. "आता वाटायची पाळी माझी."

मुलीनं घड्याळ पाहिलं. मग बाकावरची रिकामी टोपली खाली ठेवून ती बाईंशेजारी टेकली. जवळून तिचे डोळे फार थकलेले दिसत होते.

"घरी यांच्याशी कोण खेळणार, याचाच विचार करत होते," ती म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही."

मिस्त्री चष्मा पुसतच होते. बाईंनी पानं पिसली आणि वाटली, सहा मिस्त्रींना, सहा स्वतःला. आपली उचलून त्यांनी पसरली. मग हात थोडा वळवला, मुलीला दिसतील असा, आणि पानं तिच्या पुढे धरली.

"यातली दोन टाकायची," त्या म्हणाल्या. "तू सांग, कुठली नकोत?"

मुलगी वाकून एकेका पानावर बोट ठेवत गेली. शेवटच्या पानाशी आली आणि परत पहिल्यावर गेली.

"सगळीच लागतील असं वाटतंय, मावशी."

"वाटतंच तसं," बाई म्हणाल्या. "सावकाश बघ."