तिसरी पायरी

पडद्यावरच्या यादीत अठरा नावं होती. पंधरा साध्या फाइल्स, एक फोल्डर आणि दोन दुवे. दोन्ही दुवे लाल रंगात लुकलुकत होते. नोएलियाने बोट ठेवून पुन्हा मोजलं. अठराच.

दुवा म्हणजे नुसता पत्ता. लिनक्सच्या गाभ्याला नवा तुकडा जोडायचा, तर त्या गाभ्याचा मूळ मजकूर लागतो, आणि तो कुठे ठेवलाय हे यंत्र या दुव्याला विचारतं. दुवा सांगत होता: होम, एलिहिओ, फुएंतेस; म्हणजे यंत्रातल्या एलिहिओंच्या घरातला मूळ मजकुराचा कप्पा. तिथे काहीच नव्हतं. हे यंत्र आधी सांभाळणारे एलिहिओ, सगळ्यांचे 'काराई' म्हणजे साहेब, नोव्हेंबरात वारले. मार्चमध्ये डिस्क भरली, तेव्हा नोएलियाने त्यांचं खातं आणि एकतीस गिगाबाइटचं सगळं घर एका ओळीत पुसलं होतं.

सोमवारी वीज गेली आणि आली, त्यात नदीचा संवेदक वाचणारा तुकडा खराब झाला. तेव्हापासून पुएर्तो करांदायच्या मोजणी केंद्रात पाण्याचा आकडा नव्हता. धक्क्यावरची मोजपट्टी गेल्या वर्षी एका मालवाहू बार्जने मोडली होती, ती कुणी पुन्हा उभी केली नाही.

यावर तिच्याकडे उपाय होता. त्याच आवृत्तीचा कोरा मजकूर तिने इंटरनेटवरून उतरवला, दुवा तिकडे वळवला, तुकडा बांधला. तक्रार न करता तो जोडला गेला. पडद्यावर मीटरमधला आकडा आला: ४.५७.

फोन वाजला. रेडिओवरचा बेनिग्नो.

"काय गं, झोपली होती का तुझी नदी?"

"जागी झाली. चार सत्तावन्न."

"म्हणजे ऐंशीला अजून तेवीस बाकी. खालच्या वस्तीला सांगतो, भांडी बांधू नका, भात शिजवा."

चार ऐंशी झालं की खालची वस्ती रिकामी करायची, हा नियम. तिने फोन ठेवला. आकडा बरोबर असायला हवा होता. यंत्र सुरू होताना पहिल्याच ओळीत गाभ्याचं नाव उमटे, आणि नावाच्या शेवटी काराईंनी स्वतः जोडलेलं शेपूट: एलिहिओ. ते तिने तसंच ठेवलं होतं. नाहीतर तुकडा जुळलाच नसता.

दुपारी तीनला दार उघडलं. एलिहिओंची बायको सुनिल्दा; गावात तिला मानाने 'न्या', म्हणजे बाई, म्हणत. घोट्यापर्यंत ओली, चपला हातात, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"रेडिओवाल्याला सांग, त्याच्या तोंडात गाळ भरो. चार सत्तावन्न म्हणे!"

"न्या सुनिल्दा, बसा आधी. आकडा मीच दिलाय."

"मग तूच ऐक, पोरी. माझ्या दाराला पाच पायऱ्या. एलिहिओ म्हणायचा, तिसरी भिजली की चार ऐंशी. बावीस वर्षं एकदाही चुकली नाही. आत्ता ती भिजलीय. आणि शेजारीण खुशाल भात शिजवत बसलीय, रेडिओने सांगितलं म्हणून."

नोएलिया पडद्याकडे बघत राहिली. ४.५७. वजाबाकी तिने मनात केली आणि बोटं टेबलाखाली घेतली.

"त्याचं काम असेल ना तुमच्या यंत्रात? त्यात बघ. तो सगळं लिहून ठेवायचा."

"नाहीये." ती थांबली. "मी पुसलं. मार्चमध्ये. जागा नव्हती."

न्या सुनिल्दाने चपला खाली ठेवल्या, एकीशेजारी एक.

"मीही त्याचे सदरे वाटून टाकले," ती म्हणाली. "आता बाजारात कुणाच्याही पाठीवर तो दिसतो." तिने डबा पुढे सरकवला. "हे मात्र दिलं नाही. दर शुक्रवारी इथून भरून आणायचा. म्हणायचा, केंद्र जळलं तर मी घरी असेन. घरच बुडायला लागलं, म्हणून आणलं."

डब्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली डिस्क होती. नोएलियाने ती जोडली. फाइल्स होत्या. मालकाच्या रकान्यात मात्र नाव नव्हतं, नुसता क्रमांक: १००३. ज्याचं खातं पुसलं जातं, त्याचा क्रमांकच उरतो.

कोऱ्या मजकुरात संवेदकाच्या फाइलच्या १,१४२ ओळी होत्या. एलिहिओंच्या फाइलच्या १,१४४. तिने दोन्ही शेजारी ठेवल्या. जास्तीच्या दोन ओळींत एक टीप होती आणि एक बेरीज. टीप अशी: संवेदकाचा खांब वर उचलला गेलाय, ओळंब्याने मोजलं, तेवीस सेंटिमीटर. पडताळा: तिसरी पायरी.

"काय लिहिलंय?"

"तुमची पायरी लिहिलीय."

टेबलावरच्या थर्मासमधलं तेरेरे, पानांचं थंडगार पेय, न्या सुनिल्दाने ओतलं, एक घोट घेतला आणि शिंगाचा पेला नोएलियापुढे धरला.

दुवा दुसरीकडे वळवलेलाच ठेवता आला असता. नोएलियाने क्रमांक १००३ ला पुन्हा खातं उघडून दिलं, जुन्याच पत्त्यावर घर बांधलं, डबा त्यात ओतला आणि दुवा होता तसा केला. यादी मागवली. अठरा नावं. लाल काहीच नव्हतं. डिस्कवरून आलेल्या फाइल्सच्या मालकाच्या रकान्यात सगळीकडे एलिहिओ.

तिने बांधणी सुरू केली. पडद्यावर ओळ आली: होम, एलिहिओ, फुएंतेस, इथे प्रवेश करत आहे.

"हे कोण बोलतंय?" न्या सुनिल्दाने विचारलं.

"यंत्र. कुठल्या घरात शिरलं ते सांगतं. निघतानाही सांगतं."

दोघी पडद्याकडे बघत बसल्या. पेला चार वेळा इकडून तिकडे गेला. सहा मिनिटांनी दुसरी ओळ आली: होम, एलिहिओ, फुएंतेस, इथून बाहेर पडत आहे. न्या सुनिल्दाने मान वळवून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

नोएलियाने जुना तुकडा काढला, नवा जोडला, आणि एका हाताने बेनिग्नोचा नंबर फिरवला.

"बोल," तो म्हणाला.

"लिहून घे," ती म्हणाली, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

४.८१.