दोन अंगणांचा काढा

हंसाचा पहिला खोकला खरा होता. त्यानंतरचा एकही खरा नव्हता.

पण खोकल्याआधी कुंपणाची गोष्ट सांगायला हवी. चिंचणीत समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन घरं शेजारी शेजारी होती. एक हंसाचं, दुसरं तिच्या देवूकाकाचं. मधलं कुंपण अडुळशाचं. गुरं-शेरडं अडुळशाला तोंड लावत नाहीत, म्हणून तिकडे कुंपणाला तोच लावतात. शिवाय घरात कोणी खोकलं की कुंपण औषधाच्या कामाला येतं ते वेगळंच. या कुंपणात मधोमध एक खिंड होती, मोठं माणूस वाकून जाईल एवढी. नऊ वर्षांची हंसा आणि तिच्याच वयाची चुलतबहीण तानी दिवसातून वीस वेळा तिच्यातून ये-जा करत.

गणपती उठले आणि चारच दिवसांनी त्या खिंडीतून तिसरंच कोणी गेलं. हंसाच्या घरची शेळी चंपी. तिने सुलूकाकीचा दुधीचा वेल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खाल्ला, पानओव्याची कुंडी लवंडली आणि पोट भरल्यावर काकीच्या ओट्यावर जाऊन बसली.

"कोणाच्या घरात शेरडी बांधायला दोरी नाय वाटतं!" सुलूकाकी कुंपणावरून म्हणाली.

"दोरी हाय," हंसाची आई शैला म्हणाली. "पण कोणाच्या वेलाची राखण करायला माणूस ठेवायची ऐपत नाय आमची."

तिथून जे सुरू झालं ते पार लग्नातल्या मानपानापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत बोरीच्या काट्या ठासलेल्या होत्या. दोघी जावांचं बोलणं बंद. पोरींनी एकमेकींच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम दोन्ही घरांतून एकाच दिवशी सुटला. दोघे भाऊ मात्र संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात एकाच बशीतली भजी खात, आणि घराच्या वळणावर आले की ओळख नसल्यासारखे एकामागून एक चालत.

हंसाचे बाबा रामनाथ सुतार होते. तारापूरला अणुशक्तीचं मोठं बांधकाम चाललं होतं, तिथे ते दोन वर्षं सायकलने कामाला जात. एकदा जेवताना ते म्हणाले, "साहेबांनी विचारलंय. बोईसरच्या बाजूला कामगारांना खोल्या देणार हायत. हवी असली तर दिवाळीनंतर महिनाभरात सांगायचं."

एरवी आई हसली असती. त्या दिवशी ती भात वाढता वाढता म्हणाली, "बघू या. इथे आता कोण आपली वाट बघतंय?"

हंसाने हातातला घास ताटात टाकला. बोईसर म्हणजे तानी नाही, काकी नाही, समुद्र नाही. तिने ताटावरून उठून चंपीला एक धपाटा घातला. चंपीला काहीच कळलं नाही.

दिवाळीनंतर हवा पालटली आणि हंसाला तो खरा खोकला झाला. आईने कुंपणातली अडुळशाची पिकत आलेली चार पानं खुडली, आपल्या वाफ्यातलं आलं उपटलं आणि मग चुलीपाशी थबकली. काढ्याला गवती चहा आणि तुळस हवी होती. ती कुंपणापलीकडे होती.

हे असं का, तर त्यामागे आजीचा हात होता. दोन वर्षांपूर्वी घरं वेगळी झाली तेव्हा भांडीकुंडी मुलांनी वाटली, पण औषधाची रोपं आजीने स्वतः वाटली. आलं, हळद, पुदिना थोरल्या सुनेला. गवती चहा, तुळस, पानओवा धाकटीला. एकाही घरात पुरता काढा होऊ नये अशी ती वाटणी होती. आणि दोघी सुनांना तिने दोन गोष्टी बजावल्या होत्या. औषधाचं पान मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि पान देताना, किती घ्यायचं आणि कसं घ्यायचं ते सांगितल्याशिवाय हातातून सोडायचं नाही. आजी त्याच वर्षी गेली. तिचं बोलणं मोडायची दोघींपैकी एकीचीही छाती नव्हती.

"काकीकडून चार पाती घेऊन ये," आई म्हणाली. "रस्त्याने जा. मी पाठवलं म्हणून सांगू नको."

"मग कोणी पाठवलं सांगू?"

"खोकल्यानं!"

सुलूकाकीने हंसाला खोकताना पाहिलं आणि विळा घेऊन उठली. गवती चहाची पाती कापून, तुळशीच्या डहाळीसकट गाठ मारून तिने हंसाच्या हातात दिली, पण दुसरं टोक सोडलं नाही.

"ज्यानं कोणी पाठवलं असेल त्याला सांग, आलं आणि अडुळसा आधी उकळू दे. अर्धं पाणी आटलं की मग पाती आणि तुळस टाकायची, लगेच झाकण ठेवून टोप उतरवायचा. पाती उकळली की वास उडून जातो. गूळ सगळ्यात शेवटी. समजलं?"

हंसाने निरोप शब्दन् शब्द पोचवला.

"मला शिकवते!" आई म्हणाली. "माझ्या लग्नात ही परकर नेसून नाचत होती!" पण पाती तिने शेवटीच टाकली आणि झाकणही लगेच ठेवलं.

दुसऱ्या सकाळी काकी रस्त्यात दिसली. "घाम आला का गं काल?" तिने विचारलं. हंसाने घरी येऊन सांगितलं, काकी विचारत होती. त्या दिवशी भाकरी थापताना आईचा हात जरा हलका पडत होता.

हंसाने हे सगळं नीट पाहून ठेवलं. पान जातं, पानाबरोबर निरोप जातो, निरोपाला उत्तर येतं. शाळेत तानी तिच्या शेजारी बसायची. तिथे हुकूम चालत नव्हता. पाटीआड तोंड करून हंसा म्हणाली, "आपण आजारी पडू या."

"दोघी?"

"पाळीपाळीनं."

मंगळवारी हंसाचं पोट दुखलं. काकीकडून पानओव्याची पानं आली: "दोन पानं तव्यावर ऊन कर, रस काढ, मीठ घालून चाटव. आणि पोरीला कच्च्या चिंचा देऊ नको म्हणावं!" गुरुवारी तानीला मळमळलं. आईने पुदिना दिला: "चटणी नाय करायची म्हणावं, नुसता ठेचून पाण्यात. लिंबू दोनच थेंब. तुझी आई लिंबू फार पिळते." शनिवारी हंसाचं डोकं दुखलं आणि काकीच्या निरोपाबरहुकूम कपाळावर सुंठेचा लेप आला, तो इतका झणझणला की डोकं खरंच दुखायला लागलं. सोमवारी तानीने कपाळ चुलीपाशी धरून ताप आणला. तो ताप आणणं तिला महागात पडलं. डोंगरातून नवसी नावाची म्हातारी बाजाराच्या दिवशी मुळ्या आणि पाले घेऊन येई, तिच्याकडचं तापावरचं किराईत काकीने डब्यात जपून ठेवलं होतं. तो काढा प्यायल्यावर तानी मंगळवारी शाळेत आली तेव्हा तिची जीभ अजून बाहेर होती.

"माझ्या ताटातला भातपण कडू झाला," ती म्हणाली. "आता पुढचा ताप तुझा."

पण काम होत होतं. निरोप लांबत चालले होते. एकदा तर काकीने पानाबरोबर अळूवडी पाठवली, औषध म्हणून.

आणि मग एका शनिवारी दुपारी हंसा ओसरीत पडून कण्हत असताना आतलं बोलणं तिच्या कानावर आलं.

"पंधरा दिवसांत पाच वेळा आजारी पडली पोरगी," आई म्हणत होती. तिचा आवाज ओला होता. "कधी पोट, कधी डोकं. माझी पानं पुरी पडत नाय आता. तिकडे दवाखाना हाय म्हणालात ना? मग खोली घ्या. सोमवारी सांगून टाका."

"घेतो," बाबा म्हणाले, आणि सायकल काढून बाहेर पडले.

हंसाचं कण्हणं जागच्या जागी थांबलं. जे टळावं म्हणून एवढं कडू-तिखट गिळलं, तेच आता तिच्या आजारपणामुळे होणार होतं. आईला खरं सांगायचं तर पाठ सोलून निघणार. तिला एकच माणूस आठवलं. रस्त्याने जायचंही तिला सुचलं नाही. ती सरळ कुंपणाच्या खिंडीत घुसली.

काट्या बोरीच्या होत्या. पलीकडे निघाली तेव्हा तिच्या दंडापासून मनगटापर्यंत लाल रेघ उमटली होती आणि तिच्यातून रक्त ठिबकत होतं.

सुलूकाकी तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातून सूप पडलं.

"काकी, मी आजारी नाय!" हंसाने एका दमात सांगितलं. "एकदापण नव्हते, नुसती पहिल्यांदा होते! तानीपण नव्हती! आणि आता आई बोईसरला जाणार हाय, माझ्या पोटदुखीमुळं!"

काकीने ऐकलं की नाही कोण जाणे. ती हंसाचा हात पाण्याने धुत होती आणि पुटपुटत होती, "माझ्याच काट्या... मीच ठासल्या..." तिने पदराने हात दाबून धरला आणि घरात वळली. मग उंबऱ्यातच थांबली. हळद तिच्या घरातली संपली होती. हळद कुंपणापलीकडे होती.

काकीने हंसाला तानीच्या हाती दिलं. खिंडीपाशी जाऊन तिने काट्या एकेक करून उपटल्या आणि बांधावर भिरकावल्या. मग दोघी पोरींना पुढे घालून, वाकून, ती पलीकडच्या अंगणात उभी राहिली.

"वयनी," ती म्हणाली, "हळद दे."

शैला बाहेर आली. तिने आधी जावेकडे पाहिलं, मग मुलीच्या हाताकडे, आणि आत धावली. वाटीत हळद घेऊन ती परत आली, वाटी सुलूच्या हातात दिली, आणि तिची बोटं वाटीवर तशीच राहिली. आजीचं बोलणं होतं. सांगितल्याशिवाय सोडायची नव्हती.

"खोबरेल तेल कोमट कर," शैला म्हणाली. "चिमूटभरच घाल. घट्ट बांधू नको. तुझा हात जड हाय, सुलू."

"हात जड हाय तर तूच लाव!" सुलू म्हणाली आणि रडायला लागली.

मग काय, दोघींनी मिळून हळद लावली, आणि लावता लावता भांडल्या. चंपी निघाली, दुधीचा वेल निघाला, काट्या निघाल्या, परकरही निघाला. "पोरीच्या अंगात काट्या घातल्यास!" "आणि तुझी पोरगी? अगं ढोंगी हाय ती, ढोंगी! तिला काय झालंय म्हणून बोईसरला निघालीस? विचार तिला!"

"माझ्या पोरीला ढोंगी म्हणतेस?"

"माझीपण ढोंगीच हाय!"

शैलाने हंसाकडे पाहिलं. मग तानीकडे. दोघी पोरी एकदमच जमिनीकडे पाहू लागल्या.

"पाच वेळा?" शैलाने विचारलं.

"चार," हंसा म्हणाली. "पहिला खोकला खरा होता."

शैलाच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, पुन्हा आला. शेवटी ती जावेला म्हणाली, "सुलू, तुझ्याकडे किराईत उरलंय का गं?"

"मूठभर."

"आण सगळं."

संध्याकाळी अंगणात तीन दगडांच्या चुलीवर टोप चढला. किराईत किती, पाणी किती, यावर दोघी जावांचं एकमत होईना. एक म्हणे दोन काड्या, दुसरी म्हणे चार. एक म्हणे गूळ नको, दुसरी म्हणे नखभर घाल, पोरी हायत. शेवटी गूळ पडला, एका काडीला माफी मिळाली. पोरींनी नाक दाबून एकेक पेला रिकामा केला. हंसाला वाटलं, जीभ काढून समुद्रात धुवावी. तिचं तोंड पाहून आईला हसू फुटलं, ते पाहून काकीला, आणि मग कोणालाच ते आवरेना.

तेवढ्यात वळणावर दोघे भाऊ दिसले. एकाच सायकलवर, देवूकाका मागे बसून मोठ्याने काहीतरी सांगत होते. घर जवळ येताच ते नेहमीप्रमाणे टुणकन उतरले, दोघांनी चेहरे ताठ केले आणि वीस पावलांचं अंतर ठेवून ते चालू लागले. अंगणात आपल्या बायका एका टोपाशी बसून हसताहेत हे दिसलं, तेव्हा ते अंतर कसं संपवावं ते दोघांनाही कळेना.

"या, या," सुलूकाकी म्हणाली. "भज्यांचा वास येतोय तोंडाला. दोघांच्यापण!"

बाबांनी सायकल भिंतीला लावली आणि हळूच विचारलं, "मग सोमवारी साहेबांना काय सांगू?"

"त्या खोलीला अंगण हाय का?" आईने विचारलं.

"नाय. खोल्यांची रांग हाय."

"मग हळद कुठे लावू? डोक्यावर?" ती उठून टोप उतरवू लागली. "नको म्हणून सांगा."

खिंड उघडीच राहिली. देवूकाकाने तिला एक छोटं बांबूचं फाटक बसवलं, रामनाथांनी त्याला कडी लावली, आणि चंपीला लांब दोरी मिळाली.

पुढच्या आठवड्यात समुद्रावरचा गार वारा सुटला आणि एका सकाळी हंसाला शिंक आली. मग दुसरी, तिसरी.

"ढोंग!" आई चुलीजवळून ओरडली.

"ढोंग!" कुंपणापलीकडून काकी ओरडली.

हंसा ओट्यावर बसून नाक पुसत राहिली. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. काकीच्या एका हातात गवती चहाची पाती होती, दुसऱ्या हातात तुळस. आणि आत आई आधीच आलं ठेचत होती.