लग्न होईपर्यंत

सकाळी दहाला प्रयोगशाळेत वहिनीने पहिल्या उंदराचा सुजलेला मागचा पाय मोजणीच्या नळीत बुडवला, पाणी किती चढलं ते वाचलं आणि आकडा वहीत लिहिला. तिचं काम न्यूक्लिओसाइडवर होतं, म्हणजे आपल्या पेशींतच सापडणाऱ्या, साखरेला जोडलेल्या एका छोट्या रेणूवर. सूज उतरवण्यासाठी त्यात थोडेथोडे फेरफार करून तिने दोन वर्षांत तेवीस नवी संयुगं घडवली होती. बावीस वाया गेली. तेविसाव्याने मात्र तीन तासांत सूज निम्म्यावर आणली. तिचा आनंद गगनात मावेना.

तो आनंद घराच्या दारातच विरला. तिच्या नणंदेला, चिमीला, हातात कप धरवत नव्हता. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. सकाळी तासभर तरी तिची बोटं वळत नसत.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," वहिनी म्हणाली. "हा साधा आजार नाही. वेळेवर औषध सुरू केलं तर हात वाचतात."

"अगं, हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. "लग्न ठरलंय तिचं. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं म्हणजे? आणि घरात सूज उतरवणारी सून असताना डॉक्टर कशाला हवा?"

"आई, ते अजून उंदरांवर चाललंय. माणसाला दिलं तर काय होईल, मलाच ठाऊक नाही."

"मग दोन वर्षं तिथे करतेस काय?" नवरा पेपरातून तोंड बाहेर न काढता म्हणाला. "लग्न होईपर्यंत थांबू. मग दाखवू."

लग्न होईपर्यंत! किती घरांत मुलींचा दमा, फिट्स, अधू डोळे या दोन शब्दांखाली दडपले जातात. लपवणारे दुष्ट नसतात. मुलीवर त्यांचा जीव असतो, पण लोकांच्या तोंडाचा धाक त्याहून मोठा असतो.

दुसऱ्या दिवशी चिमीने वहिनीला ओट्यापाशी गाठलं. "तुझं ते तेविसावं दे ना थोडं. मला उंदीर समज. वाटल्यास पिंजऱ्यात बसते."

वहिनी हसली आणि तिचे डोळे भरून आले. ते देणं शक्यच नव्हतं. तिने दुकानातून दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की ठणका थांबे, चिमी हसे, सासूबाईंचा जीव भांड्यात पडे. आत सांधे झिजतच होते, हे वहिनीला कळत होतं. रोज जेवताना ती पुन्हा विषय काढायचं ठरवी आणि रोज चिमीला गोळी देऊन ताटं उचलायला लागे.

आठ महिन्यांनी लग्न झालं. चौथ्या महिन्यात "आम्हाला फसवलंत" म्हणत सासरच्यांनी चिमीला माहेरी आणून सोडलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा डॉक्टर आठवले.

डॉक्टरांनी बोटांचा एक्स-रे उजेडात धरला. "औषध देतो. दुखणं आवरेल. पण वाकडी झालेली बोटं आता सरळ होणार नाहीत. वर्षभर घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

सासूबाईंनी चिमीची बोटं आपल्या पदराखाली झाकली.

"माझ्या आलं होतं," वहिनी म्हणाली. "दुखण्याच्या गोळ्या मीच देत होते. मी सूज उतरवणाऱ्या औषधांवरच काम करते."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"तिला काही बोलू नका," चिमी म्हणाली आणि तिने आपला हात वहिनीच्या हातावर ठेवला. "आमच्या घरात डॉक्टरचं नाव काढलं ते एकट्या हिने."

ते खरं होतं. एकदा काढलं होतं.