उलट्या खुंट्या

माघातली संध्याकाळ. वारणेच्या संथ, सोनवर्खी पाण्यावर ऊन उतरत होतं, काठच्या उसाचे रुपेरी तुरे त्या उन्हात न्हाऊन निघाले होते. गुऱ्हाळाच्या धुरात काकवीचा गोड, जडशीळ गंध होता. नदीकाठी देवीच्या यात्रेचा मंडप उभा होता, आणि त्या मंडपात आज सर्जेराव सुतार सहा महिन्यांनी वाजवायला बसणार होता.

श्रावणात टेम्पोतून उतरताना तो पडला, मनगट मोडलं. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात गाण्याच्या बुडाशी खर्ज धरणारी बेस गिटार वाजवणारा हात गळ्यात लटकून राहिला. प्लास्टर निघाल्यावर त्यानं उशीवर बोटं चालवली, तांब्याच्या काठावर चालवली, बायकोनं डोळे वटारले तरी पोळपाटावर चालवली. पुन्हा वाजवता येईल ना, एवढी एकच काळजी त्याला खात होती.

तो पडल्यापासून त्याची गिटार आनंदरावाकडे होती. आनंदराव ऑर्केस्ट्राचा मालक, पण त्याच्या कितीतरी आधी मित्र, एका ताटात जेवलेला. आज दुपारी त्यानं ती हातात दिली. सांगितलं, पॉलिश करून आणलीय, खुंट्याही जुन्या धाटणीच्या बसवून घेतल्यात. रंग तोच, आकार तोच, तीच लालसर, मधाळ झळाळी. सर्जेरावाचे डोळे भरून आले होते.

आता तो सूर लावायला बसला. जाड तार जराशी उतरली होती. अंगठा नि तर्जनी खुंटीवर गेली, बावीस वर्षांच्या सवयीनं खुंटी पुढे वळली. तार चढायची, ती उतरली. त्यानं आणखी वळवली. आणखी उतरली, ढिली, घोगरी, भेसूर.

खुंट्या उलट्या फिरत होत्या. पुढे वळवावं तर सूर खाली, मागे वळवावं तर सूर वर. कुण्या शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं देव जाणे. मागे, मागे वळव, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि दुसऱ्या तारेला हात पुन्हा पुढेच गेला. ढोलकीवाला हसला, हात अजून झोपलाय म्हणाला. सर्जेरावाला रडूच फुटायचं बाकी होतं. आपलाच हात आपल्याला फितूर झाला, असं त्याला वाटलं.

पण बावीस वर्षांत हा हात कधी चुकला नव्हता.

दर दसऱ्याला तो गिटारीची पूजा करायचा. दांडी अंगाला जोडली होती त्या फटीत बावीस दसऱ्यांची हळद मुरली होती, कुठल्याही पॉलिशला न निघणारी. त्यानं गिटार पालथी केली. फट कोरी होती. कोरी, स्वच्छ, परकी.

आनंदराव मंडपाच्या खांबाशी उभा होता. सर्जेरावानं जवळ जाऊन एवढंच विचारलं, "माझी कुठं हाय?"

आनंदरावानं नजर नदीकडे वळवली. मग त्यानं सांगून टाकलं. पुण्यातल्या एका वादकाच्या ती मनात भरली होती, त्याला दिली, श्रावणातच, सर्जेराव पडल्यावर आठवड्याभरात. ही तशीच दिसणारी नवी आणली. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं सर्जा, तुझा हात काय आता परत यायचा न्हाई."

श्रावणातच. म्हणजे प्लास्टर पुरतं वाळलंही नव्हतं तेव्हा. दवाखान्यात संत्री सोलून देत, गिटार तुझी वाट बघतीया, असं हाच माणूस सांगत होता. गिटार गेल्याचं दुःख होतंच. पण ज्याच्या भरवशावर त्यानं पोळपाट वाजवला, त्यानंच त्याला पहिल्या आठवड्यात मोडीत काढलं होतं, हे जिव्हारी लागलं.

सर्जेरावानं ती गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि हाताला हवं तिकडे जाऊ दिलं. एक खुंटी पुढे, दुसरी पुढे, तिसरी पुढे, चौथी पुढे. चारही तारा उतरल्या, लोंबल्या, मुक्या झाल्या. गिटार आनंदरावाच्या खुर्चीत ठेवून तो मंडपाच्या पायऱ्या उतरला.

मागे ढोलकी सुरू झाली, बासरी सुरू झाली, आणि बुडाशी काहीच नसलेलं एक गाणं पाण्यावरून येऊ लागलं. समोर तोडणी झालेलं रान होतं, पाचटावर तांबूस, विझता उजेड होता. सर्जेराव चालत राहिला. बाजूला सुटलेल्या हाताचा अंगठा नि तर्जनी रित्या हवेत एक खुंटी वळवत राहिली, पुढे, आणखी पुढे, हलके, सावकाश, जुन्याच वळणानं.