चोर हवा

रिक्षातून उतरता उतरता ज्योत्स्ना म्हणाली, "बाबा, आत गेल्यावर काही बोलू नको. त्यांचं काम त्यांना करू दे."

यादव गवित गप्प राहिला. सुरगाण्याच्या डोंगरातून मजुरांच्या टोळीबरोबर एकलहऱ्याला आलेला हा माणूस. तिथल्या वीजकेंद्रात अठ्ठावीस वर्षं ठेकेदाराचा हेल्पर. गप्प बसायची त्याला सवय होती. पण तिथं गप्प बसवणारे साहेब होते, आज पोटची पोर बसवत होती. हे लागलं.

भानगड अशी होती. ज्योत्स्ना नर्स. नाशिकरोडहून डोंगरातल्या उपकेंद्रापर्यंत रोजची ये-जा, ती एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या जिवावर. गाडीला यंदा पंधरा वर्षं पुरी. परवा आरटीओची तपासणी; पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगार. आणि नेमका आत्ताच डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पेट्रोल ढसाढसा पिऊ लागली, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. अंबडच्या या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गेला. यांनी सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा परत हजर. काल संध्याकाळपासून गाडी इथंच उभी होती, आणि आज सकाळी फोन आला होता की येऊन निर्णय सांगा.

सुपरवायझर रविराज हातात टॅब घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, बोटाला ग्रीसचा ठिपका नाही.

"मॅडम, आता कॅटालिटिक कन्व्हर्टर. धूर साफ करतो तो भाग. या वयाच्या गाडीला तो टाकणं म्हणजे मेलेल्याला सलाईन. स्क्रॅपचा फॉर्म भरा, एक्स्चेंजमध्ये नवी बसवून देतो."

"सेन्सरच्या आधी धुराच्या पाइपाला गळती बघितली का?" यादवने विचारलं.

रविराजने त्याच्याकडे पाहिलं. पायातल्या चपला पाहिल्या. "काका, तुम्ही तिकडे सोफ्यावर बसा. चहा सांगतो."

नाशकात हे नेहमीचंच. सावळा रंग, डोंगराकडची बोली आणि पायात चपला, एवढं दिसलं की माणसाला चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. उत्तर द्यायचं तर आधी त्याला प्रश्न कळतो हे मान्य करावं लागतं, आणि तिथंच यांचं घोडं अडतं.

ज्योत्स्नाने फॉर्म घेतला. पेनाचं टोपण काढलं.

"थांब," यादव म्हणाला.

"बाबा, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस. ऐकलं. आता तू ऐक. सही पळून जात नाय." मग रविराजला, "काढलेला सेन्सर कुठं हाय?"

"तो गेलेला आहे, काका."

"गेला असंल तर दाखवा की. मयत तरी बघू."

मागं कोणीतरी फसकन हसलं. तो गोरक्ष होता, पंचेचाळिशीचा मेकॅनिक. रविराज काही बोलायच्या आत त्याने भंगाराच्या डब्यातून काजळी चढलेला सेन्सर उचलून आणला. बोटाएवढी चीज, मागं चार वायरी.

यादवने तो शिकंज्यात आवळला, फार नाही, हलणार नाही एवढाच. सिग्नलच्या वायरीला व्होल्ट मोजायचा मीटर जोडला. "गॅसचा बर्नर पेटव. ज्योत निळी पाहिजे."

गोरक्षने ज्योत सेन्सरच्या टोकावर धरली. अर्धं मिनिट काहीच नाही. रविराज घड्याळ बघू लागला. मग मीटर हलला. शून्य पॉइंट दोन. पाच. शून्य पॉइंट आठ आणि वर. यादवने ज्योत बाजूला घ्यायला लावली, आकडा झपकन खाली आला. परत ज्योत, परत वर.

"ज्योतीत ऑक्सिजन नाय, म्हणून आकडा वर. हवा लागली की खाली. चोख काम करतोय. याला तुम्ही डब्यात टाकला, आन् नवा आणून बसवला तोबी हेच सांगून ऱ्हायला."

"मग दिवा का लागतोय?" रविराज म्हणाला. आवाजातला चहा संपला होता.

"तो खरं बोलतोय म्हणून. त्याच्या म्होरं ऑक्सिजन येतोय. तो येतोय कुठून, ते शोधायचं."

यादवला हे पुस्तकातून ठाऊक नव्हतं. बॉयलरच्या धुराच्या मार्गात असाच सेन्सर असतो, फक्त हातभर लांबीचा. पत्र्याला बारीक चीर पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते, आकडा बिघडतो, आणि नवा आलेला कोणीही सेन्सरलाच शिव्या घालतो. यादव शिडी चढून सांध्या-सांध्यावरून हात फिरवायचा. त्या हवेला तो चोर हवा म्हणायचा. किती चोर पकडले याची मोजदाद त्यानेही ठेवली नव्हती.

"इंजिन गार हाय ना? मग आत्ताच. साबणाचं पाणी आन. आन् एकाने सायलेन्सरच्या तोंडाला वलं फडकं धरायचं. गच्च नाय, दाबून. धूर कोंडला की फटीतून बाहेर फुटंल."

गोरक्ष स्टेअरिंगवर बसला. बाकीचे मेकॅनिक बघत उभे राहिले. सुपरवायझरसमोर फडकं उचलायची कोणाची छाती होईना. तेव्हा ज्योत्स्नाने पेनाला टोपण लावलं, फॉर्म बॉनेटवर ठेवला, आणि ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांत गाडीमागं उकिडवी बसली. फडकं तिने धरलं.

"तोंड बाजूला ठेव," यादव ओरडला. "चालू कर रे."

इंजिन घुसमटल्यासारखं धडधडलं. यादवने इंजिनातला धूर पाइपात आणणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. पहिला जोड कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्यापाशी, खालच्या अंगाला, जिथं वाकून आरसा धरल्याशिवाय दिसत नाही, तिथं फेस फुगला. फुटला. परत फुगला.

"बंद कर." यादवने आरसा रविराजच्या हातात दिला. "घ्या. पॅकिंग जळालंय. एरवी हितूनच हवा आत जाते, सेन्सर सांगतो ऑक्सिजन लय हाय, इंजिनाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ते आणखी ओततं. तुमचा कन्व्हर्टर बिचारा ते जाळून दमला."

रविराज वाकला. कॉलरला काजळी लागली. आरसा फिरवून त्याने जोड बघितला.

"स्कॅनरने हे सांगितलं नाही," तो म्हणाला.

"स्कॅनरने ओरड कुठून आली ते सांगितलं. का आली ते तुम्ही बघायचं. त्याचाच पगार हाय ना?"

बारा वाजेपर्यंत गोरक्षने पॅकिंग बदललं. इंजिन तापल्यावर मीटर लावला तर आकडा वर-खाली, वर-खाली, चांगल्या नाडीसारखा. वर्कशॉपच्या धूर तपासायच्या यंत्रावर रीडिंग मर्यादेच्या बरंच आत आलं. स्कॅनरवरून पिवळा दिवा पुसला, तो परत लागला नाही.

रविराजने जॉब कार्ड आणलं. "मॅनिफोल्डचं पॅकिंग बदललं" एवढंच छापलेलं. ज्योत्स्नाने ते वाचलं आणि परत त्याच्यासमोर ठेवलं. तिची बोटं अजून काळी होती.

"दोष कोणी शोधला?"

"मॅडम, सिस्टीममध्ये टेक्निशियनचंच नाव पडतं. कस्टमरचं नाही."

"मग पेनाने लिहा. तुमच्या टेक्निशियनला सापडलं नव्हतं."

गोरक्षने मान खाली घातली, पण हसू दाबलं नाही. रविराजने पेन घेतलं, तिला वडिलांचं नाव विचारलं आणि लिहिलं: दोष शोधला, श्री. यादवराव.

यादवने कार्ड फिरवून बघितलं. अठ्ठावीस वर्षांत अशी शेकडो कार्डं त्याच्या हातून गेली होती. नाव प्रत्येक वेळी वरच्या माणसाचं. आज चुकीचं नाव तो कशाला घेईल?

"राव खोडा," तो म्हणाला. "यादव गवित लिहा. सुरगाण्याचा."

रविराजने खोडलं आणि लिहिलं. यादवने अक्षर न् अक्षर वाचून काढलं, मग कार्ड लेकीच्या हातात दिलं.

"चल. तुझी ड्यूटी हाय."

"तू पुढं बस, बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि वाटेत मला नीट सांग, ते ज्योतीचं काय होतं."