पृथ्वी जड झाली

दार जरा वर उचलून ओढलं, तेव्हा कुठे कपाट उघडलं. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. याच प्रयोगशाळेत शिकताना आईकडे बघून बघून हाताला ठाऊक झाली होती. आत भिंगं, चुंबक, तारांची वेटोळी, सगळं आईनं लावून ठेवलं होतं तसंच.

खरं तर ती किल्ली परत करायला आली होती. आई गेल्यापासून ती तिच्या पर्समध्येच पडून होती. किल्ली द्यायची आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं. पण मोठ्या बाईंनी हातच पुढे केला नाही.

"नवीन शिक्षक अजून मिळत नाहीत गं. आणि प्रात्यक्षिक परीक्षा डोक्यावर आलीय. लंबकाचा प्रयोग तेवढा राहिलाय. एक तास घेशील?"

"बाई, मी कारखान्यात मापं तपासते. मुलांसमोर उभं राहायची सवय नाही मला."

"मुलं घेतील सांभाळून."

मुलं अगदी शहाण्यासारखी बसली होती. हल्ली सगळेच तिच्याशी असे काचेचं भांडं हाताळावं तसे वागत. घरी आईचा विषय निघाला की ती उठून आत जायची. इथून उठून कुठे जाणार? समोरच्या फूटपट्टीच्या कडासुद्धा आईच्या हातानं गुळगुळीत झालेल्या. निदान हा तास धड पार पडावा, मुलांचे मार्क जाऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं.

तिनं दोरा मोजला, स्टँडला बांधला, गोळा एका बाजूला ओढला.

"वीस दोलनांना किती वेळ लागतो, बघू." गोळा सोडता सोडताच तिनं स्टॉपवॉच दाबलं. "एक... दोन... तीन..."

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. शेजारणीनं कोपर मारलं. ती मोजायची थांबली.

"काय झालं?"

मागच्या बाकावरची एक उंच मुलगी उभी राहिली.

"रागवणार नाही ना, ताई?"

"नाही. बोल."

"पृथ्वी जड झाली."

सगळा वर्ग खो खो हसला, आणि काहीतरी फुटल्यासारखा एकदम गप्प झाला.

"म्हणजे," उंच मुलगी घाईघाईनं म्हणाली, "सोडतानाच एक म्हटलं, की वीस म्हणेपर्यंत एकोणीसच होतात. वेळ कमी भरतो, मग गणितात गुरुत्वाकर्षण वाढतं. असं कुणी केलं की बाई म्हणायच्या, झाली पृथ्वी जड, आता जिना कसा चढायचा?"

"सुरुवात शून्यानं करायची," पुढचा एक जण म्हणाला. "आम्ही त्यांना शून्यबाईच म्हणायचो. त्यांच्या मागे हं!"

"मागे कुठे? तू तर तोंडावर म्हणालास!"

"चुकून! आणि त्यांनी 'ओ' दिली!"

ती हसली. दिवसभर मापं तपासणाऱ्या बाईनं एकापासून मोजावं! लंबक अजून झुलतच होता. तिनं तो हातानं थांबवला.

"घरी लपाछपी खेळतानासुद्धा ती शून्यापासून मोजायची," ती म्हणाली. "मला लपायला एक आकडा जास्त मिळायचा."

कुणी मान खाली घातली नाही. उलट मागची मुलं नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकली.

"चला, पुन्हा." तिनं गोळा सोडला. अंगठा स्टॉपवॉचवर गेला.

"लगेच नको, ताई," उंच मुलगी आता बिनधास्त म्हणाली. "पहिले झोके आपल्या हाताचे असतात. ते जाऊ द्यायचे. त्याचे त्याचे सुरू झाले, की मग मोजायचं."

ती थांबली. गोळ्याची थरथर हळूहळू जिरली आणि तो एका रेषेत, शांतपणे, येऊ-जाऊ लागला. कुणी खूण केली नाही, तरी सगळा वर्ग एका सुरात, आईच्याच संथ लयीत म्हणाला,

"शून्य."

घंटा झाल्यावर मोठ्या बाई दारात आल्या. यावेळी त्यांनी हात पुढे केला.

"आण ती किल्ली. नाहीतर विसरशील."

"राहू दे, बाई, माझ्याकडे. अजून थोडा सराव लागेल."

"कुणाला? मुलांना?"

तिनं कपाटाचं दार जरा वर उचललं आणि लावून घेतलं.