डावा गाल

माती सुकली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. डोळे वरवरचं बघतात. वरून पांढरी पडलेली माती आतून ओली असू शकते. म्हणून वस्तू उचलायची आणि गालाला लावायची. गार लागली तर आत पाणी आहे, ती परत फळीवर ठेवायची. गार नाही लागली तर भट्टीत जाऊ द्यायची. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ओली वस्तू भट्टीत गेली तर पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि वस्तू फुटते. बरं, एकटी फुटत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सोबत घेऊन जाते.

सुट्टीतल्या कला शिबिराची भट्टी सात वर्षं माझ्याकडे आहे. शिबिर एका बंद पडलेल्या छापखान्यात भरतं. पुढच्या मोठ्या खोलीत रंग आणि कागद, मधल्या खोलीत माती, आणि मागे, जिथे पूर्वी कागदाची रिळं ठेवायचे, तिथे विजेची भट्टी. सातपासून सतरा वर्षांपर्यंतची चाळीसेक मुलं येतात. मुलं मला मावशी म्हणतात, आणि शिबिर चालवणारे सरसुद्धा मावशीच म्हणतात.

त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता मी भट्टी लावली. तीन फळ्या भरल्या होत्या. झाकण बोटभर उघडं, आच अगदी मंद. बारा वाजेपर्यंत असंच तापू द्यायचं, म्हणजे उरलासुरला ओलावा निघून जातो. बाराला झाकण बंद करून आचेचा काटा पुढे सरकवायचा. त्यानंतर भट्टी थांबवणं माझ्या हातात, पण आत जे फुटायचं ते फुटतंच. शनिवारी भट्टी थंड होणार, रविवारी सकाळी उघडणार आणि दुपारी पालकांसमोर प्रदर्शन. सरांनी हे सगळं भिंतीवर लिहून लावलं होतं.

दहाच्या सुमाराला सुनेचा फोन आला. माझ्या हातात ओलं फडकं होतं, म्हणून मी फोन कानाला लावून खांद्याने दाबला.

"आई, तो कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा म्हणाला होतात काल? टाकी अजून वाहतेय. खालचे काका दोनदा वर येऊन गेले."

मी बोलणार तेवढ्यात माझं लक्ष खांद्याकडे गेलं. फोन उजव्या कानाला होता. कालही तो तिथेच होता. काल संध्याकाळी सून याच टाकीबद्दल वीस मिनिटं बोलत होती आणि मी बोलता बोलता वरची फळी भरत होते. उजव्या बाजूला फोन असेल, तर मी वस्तू कुठल्या गालाला लावल्या?

"आई, ऐकताय ना?"

"उजवीकडे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की कशाचंच नाही. फिरवून बघ."

थंडीत मला हलका झटका येऊन गेला होता. तोंड वाकडं झालं होतं, ते दोन महिन्यांत सरळ झालं. हातपाय शाबूत राहिले. फक्त डाव्या गालाला काही कळेनासं झालं. चहा ओघळला तरी सून रुमाल पुढे करते तेव्हा मला समजतं. चाळीस वर्षं मी वस्तू डाव्याच गालाला लावत आले. ती सवय मोडायला तीन महिने लागले, पण मोडली. सरांना यातलं काही सांगितलं नव्हतं. देवाने गाल दोन दिलेत, त्यातला एक चालतो, मग बोभाटा कशाला, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं सांगायचं तर भीती होती. साठी उलटून गेलेल्या बाईला झटका आला म्हटल्यावर तिच्या हातात विजेची भट्टी कोण ठेवेल?

मी भट्टीशी गेले. खिशातला छोटा आरसा झाकणाच्या फटीवर धरला. आरशावर वाफ आली. या वेळेला वाफ येतेच, त्यावरून काही कळत नाही. आरसा पुसला, पुन्हा धरला. पुन्हा वाफ.

वरच्या फळीवर बारा वस्तू होत्या. अकरा लहान होत्या, बोटाएवढ्या जाडीच्या, त्यांची मला फारशी काळजी नव्हती. बारावा घोडा होता.

घोडा शिडीचा. शिडी म्हणजे सोळा वर्षांची, उंच, हडकुळी मुलगी. हे नाव तिला शिबिरातल्या मुलांनीच दिलेलं. तिचे आधीचे दोन घोडे पायांत मोडले होते. तिसऱ्याला तिने नुसतं मान आणि डोकं ठेवलं. पण मान मुठीएवढी जाड आणि भरीव. मी तिला म्हटलं होतं, बुडातून कोरून पोकळ कर. ती म्हणाली, कोरला की हाही पडेल. मग मी म्हटलं, बघू, गुरुवारपर्यंत सुकला तर सुकला. आणि गुरुवारी मी तो निर्जीव गालाला लावून वर ठेवून दिला.

साडेदहाला बोळकं आत आलं. बोळकं आठ वर्षांची आहे, पुढचे चार दात एकदम पडलेत.

"मावशी, माझी गोगलगाय फुटली का?"

"का फुटेल?"

"फुटली तर आवाज येतो ना? मला ऐकायचाय."

"जा, रंगवत बस."

"रंग संपला."

"मग पाणी रंगव."

ती गेली. मी स्टुलावर बसले, उठले, परत बसले. आच अशीच मंद ठेवून झाकण संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं, तर घोडाही सुकला असता कदाचित. पण मग आज भाजणी होत नव्हती, आणि भाजणी नाही म्हणजे रविवारी प्रदर्शनात माती नाही. त्याला कारण द्यावं लागलं असतं. मी पुढच्या खोलीत गेले. सर एका मुलाच्या पाठीवरचा निळा रंग पुसत होते.

"सर, भट्टी नीट तापत नाहीये बहुतेक. आज राहू दे का?"

ते लगेच मागे आले, काटा बघितला, हात भट्टीजवळ नेऊन परत घेतला.

"काटा तर बरोबर आहे, मावशी. छान तापतेय."

"हो का? मला वाटलं."

"तुम्ही दमलात का? चेहरा उतरलाय."

चेहऱ्याचं नाव काढल्यावर मी फडकं धुवायला वळले.

अकरा वाजले. मी आरसा धरला. सव्वाअकराला धरला. साडेअकराला धरला. वाफ कमी झाली होती, पण ती कुणाची कमी झाली, ते आरसा सांगत नाही. तापलेल्या भट्टीतून घोडा उचलून गालाला लावायची सोयच नव्हती. वाटलं, सुकला असेल. मग वाटलं, मान मुठीएवढी आहे. मग वाटलं, एवढी वर्षं झाली, माझ्या हातालाही वजन कळतं, ओला असता तर जड लागला असता. मग आठवलं की तो भरीव होता. जड लागणारच होता.

पावणेबाराला शिडी स्टूल घेऊन आली आणि भट्टीसमोर मांडून बसली.

"इथे काय?"

"काटा पुढे करताना बघणार. मातीचा वर्ग सोडून आले."

"काटा बघण्यासारखा नसतो गं."

"तरी बघणार." ती गुडघे छातीशी घेऊन बसली. "आई सगळ्यांना सांगते, हिचं काही पुरं होत नाही. पोहणं सोडलं, तबला सोडला, शिवण सोडली. काकू विचारते, या वर्षी काय सोडणार आहेस? रविवारी दोघींना घोड्यासमोर उभं करणार आहे."

"आणि काय म्हणणार?"

"काही नाही. नुसतं उभं करणार."

बाराला सर दारात आले. "मावशी, झाकण?"

मी हातमोजा घातला. झाकणाची मूठ धरली. झाकण तसं जड नसतं. मी ते धरून उभी राहिले. सर बघत होते, शिडी बघत होती, आणि तिच्यामागून बोळकंही घुसलं होतं. मी मूठ सोडली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

"सर, वरची फळी मी तपासलेली नाही."

"म्हणजे? काल तुम्ही म्हणालात सगळं कोरडं आहे."

"म्हटलं. पण ज्या गालाने तपासलं त्याला काही कळत नाही."

मग सगळं सांगावं लागलं. झटका, तोंड, चहा, टाकी, फोन.

"शिबिर सुरू व्हायच्या आधी सांगायला हवं होतं," सर म्हणाले.

"हो."

"मी तुम्हाला काढलं नसतं."

काढलं असतं की नसतं, हे त्यांनाही आज म्हणायला सोपं होतं.

झाकण पूर्ण उघडलं. वस्तू निवायला तीन तास लागले. त्या तीन तासांत शिडी भट्टीपासून दारापर्यंत आणि दारापासून भट्टीपर्यंत चालत होती. मुलांमध्ये बातमी पसरली होती की मावशीचा एक गाल बंद पडलाय. दोन-तीन जण आत येऊन माझ्याकडे बघून गेले. एकाने विचारलं, चिमटा काढला तर कळतं का? मी म्हटलं, काढून बघ, मग तुलाच कळेल.

साडेतीनला सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. वरच्या फळीवरची एकेक वस्तू मी उचलून ज्याची त्याला दिली आणि गालाला कशी टेकवायची ते दाखवलं. दाबायची नाही, नुसती टेकवायची, डोळे मिटायचे, पाच अंक मोजायचे. बारा मुलं डोळे मिटून उभी राहिली.

"माझी गरम आहे," बोळकं म्हणालं.

"गरम की गार नाही?"

"गार नाही."

"ठेव इकडे."

एकेक जण सांगत गेला. गार नाही, गार नाही. शेवटी शिडी उरली. तिने घोड्याची मान गालाला लावली होती आणि पाच काय, पन्नास अंक झाले असतील.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"दे बघू."

"मी सांगतेय ना, कोरडा आहे. माझे दोन्ही गाल चांगले आहेत."

मुलं हसली. मी पुढे केलेला हात तसाच ठेवला. तिने घोडा दिला. मी तो उजव्या गालाला टेकवला. मानेशी, जिथे आयाळ सुरू होते तिथे, गार. विहिरीच्या काठाला हात लावावा तसा गार. मी तो सरांकडे दिला. सरांनी लावला आणि खाली मान घातली.

"काल सांगितलं असतं तर मी रात्रभर जागून कोरला असता," शिडी मला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पडला असता तर पडला असता. पण माझ्या हातून पडला असता."

मी उरलेल्या अकरा वस्तू परत फळीवर मांडल्या.

भट्टी शनिवारी सकाळी पुन्हा लावली, घोड्याशिवाय. मी झाकणाशी उजवा कान लावून बसले होते. दुपारी धोक्याची वेळ टळली, आत टिचकीएवढाही आवाज झाला नाही. पण रविवारी दुपारी पालक आले तेव्हा भट्टी तापलेलीच होती. तिला उघडलं असतं तर गार हवेने सगळं तडकलं असतं. पालक बंद भट्टीभोवती उभे राहिले, एका वडिलांनी घड्याळ बघत विचारलं, मग आम्ही नक्की काय बघायचं? सरांनी सांगितलं, मातीकाम मंगळवारी न्या. चूक कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मी पुढे होऊन सांगितलं. दोन बायकांनी समजुतीने मान हलवली. त्या वडिलांनी हलवली नाही.

मातीच्या मेजावर एकच वस्तू होती. शिडीचा घोडा, कच्चा, करडा. भट्टीत गेला नाही म्हणून तेवढाच दाखवायला उरला होता. तिची आई त्याच्यासमोर उभी राहिली, काकूही.

"छान आहे गं," आई म्हणाली. "झाला ना पुरा?"

"नाही," शिडी म्हणाली. "हात लावू नकोस."

काकूने पुढे केलेला हात मागे घेतला.

मंगळवारी मुलं आपापल्या वस्तू घेऊन गेली. सगळ्या शाबूत होत्या. बोळक्याची गोगलगायसुद्धा, त्यामुळे ती थोडी हिरमुसली. सरांनी ठरवलं की यापुढे भट्टी मी लावायची, पण सुकलंय की नाही हे दोघांनी मिळून बघायचं. मी हो म्हटलं. घरी गेल्यावर सुनेला सांगितलं. ती म्हणाली, आई, टाकीचा कॉकसुद्धा मी आणि खालच्या काकांनी मिळूनच बंद केला.

घोडा भट्टीच्या खोलीतच राहिला. शिबिर संपलंय, छापखान्याची किल्ली माझ्याकडे आहे. शिडी एक दिवसाआड येते. पहिल्या दोन वेळा आली तेव्हा नुसता घोडा गालाला लावून निघून गेली. तिसऱ्या वेळी तारेचं कोरणं घेऊन आली, घोडा उताणा केला आणि बुडातून मान कोरायला बसली. माती आता अर्धवट कडक झाली होती, ती भुगा होऊन पडत होती. दोनदा माझ्या तोंडाशी आलं ते गिळलं. एक कान तुटला, तो तिने कागदात गुंडाळून ठेवला.

काल आली तेव्हा बराच वेळ घोडा गालाशी धरून उभी होती.

"मला कोरडा लागतोय."

मी लावून पाहिला. "मला नाही."

"कुठल्या गालाला?"

"उजव्या."

तिने तो माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या बाजूने लावला आणि डोळे मिटले. मीही भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा लाथ मारल्याचा आवाज येत होता.

"जरासा गार आहे," ती म्हणाली. "परवा येते."